पन्नास मिलिमीटरची लेन्स

सांगलीच्या पेठेत हळदीची अडत असलेल्या एका एकत्र कुटुंबातील थोरल्या भावांनी गेल्या वर्षी एका लेन्सचा विचार एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत केला. चार हळकुंडे मोडून, आतला रंग पाहून दोनशे पोत्यांचा सौदा दहा मिनिटांत उरकणाऱ्या या गृहस्थांना तीनशे ग्रॅम वजनाची एक वस्तू घ्यावी की घेऊ नये हे आठ महिने ठरविता येईना. घरात याचे प्रथम नवल वाटले, मग थट्टा झाली, आणि पुढे तो विषय जेवताना काढायचा नाही असा अलिखित नियमच होऊन बसला.

वस्तू होती लायका कंपनीची पन्नास मिलिमीटरची एपीओ-समिक्रॉन लेन्स. ज्यांना छायाचित्रणाचा छंद नाही त्यांच्यासाठी थोडे मागून सांगायला हवे.

यांच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, साठच्या दशकात मुंबईच्या फोर्टमधून एक वापरलेला लायका एम-३ कॅमेरा आणला होता. परदेशी मालाच्या आयातीवर तेव्हा कडक निर्बंध होते. चांगला कॅमेरा मिळायचा तो कुणीतरी वापरलेला, कुणीतरी परदेशातून आणलेला. एम-३ हा रेंजफाइंडर जातीचा कॅमेरा. यात दृश्य लेन्समधून दिसत नाही, शेजारच्या खिडकीतून दिसते. त्या खिडकीच्या मध्यभागी एका उजळ चौकोनात त्याच दृश्याची दुसरी प्रतिमा तरंगत असते. ती जवळजवळ सात सेंटिमीटर दूर असलेल्या दुसऱ्या छोट्या खिडकीतून आलेली असते. लेन्सचे कडे फिरवीत दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसविल्या की फोकस जुळला. माणूस दोन डोळ्यांनी अंतराचा अंदाज घेतो, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की येथे तो अंदाज दांडी-चाकांच्या सूक्ष्म यंत्रणेतून लेन्सपर्यंत पोहोचतो. यात ना बॅटरी, ना मोटर. १९५४ साली एम-३ बाजारात आला तेव्हा लेन्स अडकविण्याची जी खाच ठरली, तीच आजच्या एम मालिकेतील डिजिटल कॅमेऱ्यांनाही आहे. सत्तर वर्षांपूर्वीचे माप आजही तेच असावे, ही गोष्ट वजन-मापांच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या माणसाला भुरळ घालणारीच. त्यांनी पाच वर्षांपूर्वी पुण्यातून वापरलेला एम-१० घेतला, अण्णांच्या एम-३ वरची समिक्रॉन लेन्स काढून त्याला लावली, आणि ती बसताना झालेला ‘टक्’ असा आवाज त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाला दोनदा ऐकविला.

पन्नास मिलिमीटरच का, याचेही एक कारण आहे. जर्मनीतील वेट्सलार गावच्या लाइट्झ कारखान्यात ऑस्कर बार्नाक यांनी सिनेमाच्या फिल्मवर स्थिरचित्रे घेणारा छोटा कॅमेरा तयार केला. सिनेमाची चौकट दुप्पट करून त्यांनी २४ बाय ३६ मिलिमीटरची चौकट धरली. तिचा कर्ण त्रेचाळीस मिलिमीटरच्या थोडा वर जातो, आणि चौकटीच्या कर्णाजवळचे नाभ्यंतर असलेली लेन्स ‘प्रमाण’ मानली जाते. १९२५ साली लायका विक्रीस आला तो पन्नासच्या लेन्ससह. लेन्सचे गणित मांडणारे माक्स बेरेक हे मुळात सूक्ष्मदर्शकशास्त्राचे अभ्यासक होते, आणि कारखानाही मूळचा सूक्ष्मदर्शकांचाच. पुढे हे पन्नास मिलिमीटर एवढे रुळले की आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्यासारख्या छायाचित्रकाराने आपले बहुतेक आयुष्य याच एका नजरेत घालविले. १९४८ च्या जानेवारीत गांधीजींच्या अखेरच्या दिवशी आणि नंतर त्यांच्या अंत्ययात्रेत ते छोटा लायका घेऊन हजर होते. त्या काळच्या लेन्सना आजच्या मोजपट्टीवर तपासले तर गुण फार मिळणार नाहीत. ही गोष्ट लेन्सचा विचार करणारा प्रत्येक जण जाणतो, आणि जाणूनही आलेख पाहत बसतो.

अण्णांची समिक्रॉन पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धातली, सहा गटांत सात भिंगे असलेली. दुहेरी गाउस नावाची तिची मांडणी त्याहूनही जुनी. गणिती गाउस यांनी १८१७ साली दुर्बिणीसाठी सुचविलेली भिंगजोडी पुढे समोरासमोर ठेवून पाहिली गेली, आणि १८९६ साली झाइस कारखान्याच्या पाउल रुडोल्फ यांनी तिच्यातून प्लानार लेन्स घडविली. जगातल्या बहुतेक वेगवान प्रमाण लेन्सच्या वंशवृक्षाचे मूळ तेथे जाते. या मांडणीत गुण पुष्कळ. पण छिद्र पूर्ण उघडले की कोपरे जरा मऊ पडतात आणि चकाकत्या काठांवर जांभळट किनार उमटते. ही किनार म्हणजे वेगवेगळ्या रंगांचे किरण एकाच ठिकाणी न जुळल्याची खूण. त्यावरचा इलाज एर्न्स्ट आबे यांनी १८८६ साली सूक्ष्मदर्शकासाठी शोधला होता: दोनऐवजी तीन रंग एकाच बिंदूत आणणारी भिंगरचना. तिला अ‍ॅपोक्रोमॅट म्हणतात, आणि लेन्सच्या नावातले ‘एपीओ’ तेथूनच आले आहे. हे सारे एका छोट्या प्रमाण लेन्समध्ये, तेही एफ २ एवढे छिद्र ठेवून बसविणे सोपे नव्हते. लायकाचे पेटर कार्बे यांनी आठ भिंगे पाच गटांत मांडून ते साधले, आणि २०१२ साली ही लेन्स जाहीर झाली. अमेरिकेत तिची किंमत तेव्हाच सात हजार डॉलरांच्या वर होती; नंतर ती वाढतच गेली.

यांना जो आकडा सांगण्यात आला तो शुल्क आणि कर धरून एका नव्या ‘छोट्या हत्ती’पेक्षा जास्त होता. पेठेत छोटा हत्ती म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. गुदामाच्या दारात रोज तीन उभे असतात.

पैसे नव्हते असे नाही. अडचण होती खात्याची. दोन भाऊ, एक पेढी, एकच रोजमेळ. घरखर्च पेढीतून जातो आणि जे स्वतःपुरते असेल ते ज्याच्या त्याच्या उचल खात्यावर पडते. अण्णांच्या काळापासून ही शिस्त आहे, आणि तिच्यामुळेच दोन पिढ्या घर फुटले नाही असे दोघे भाऊ मानतात. धाकट्यांच्या उचल खात्यावर गेल्या दहा वर्षांत मुलीच्या लग्नाखेरीज मोठी रक्कम दिसत नाही. विचारले असते तर धाकट्यांनी ‘दादा, घ्या की’ एवढेच म्हटले असते. त्यांनी विचारण्याआधीच एकदा ते म्हटलेही. नकार मिळाला असता तर वाद घालता आला असता. होकाराला काय उत्तर द्यायचे हा प्रश्न त्यांच्यासमोर उभा राहिला. धाकट्यांनीच पुढे एक तोडही सुचविली: फर्मच्या नावावर घेऊ, मालाचे फोटो काढायला लागतातच, जीएसटीची वजावटही मिळेल. मालाचे फोटो पेढीवरचा मुलगा मोबाइलवर काढतो आणि ते व्यापाऱ्यांना पुरतात, हे दोघांनाही ठाऊक होते. खासगी वापराच्या वस्तूवर अशी वजावट मिळत नाही हे दिवाणजींनी हळूच सांगितले. ते त्यांनी सांगितले नसते तरी त्या मार्गाने लेन्स घरात आली नसती, एवढे या गृहस्थांच्या बाजूने म्हणायला हरकत नाही.

मग हवी कशासाठी होती? हौस हे उत्तर खरे आहे, पण पुरे नाही. पेठेतले दुकान जुने, माळवदाचे, पुढे ओटा आणि आत अंधारी खोली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी त्यात पुरुषभर उंच चढले. २००५ च्या पुरातही ते आले होते, पण या वेळी पाठीमागची भिंत सुटली. इमारत उतरवून नवी बांधायचे आता ठरले आहे; दोन वर्षांत जुन्यातले काही उरणार नाही. आई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. लग्न होऊन आल्या तेव्हा हळकुंडे निवडायला बसत, ती सवय त्यांनी अजून सोडलेली नाही. संध्याकाळचे जेवण दिवस मावळायच्या आत उरकून त्या दुकानाच्या दारात सूप घेऊन बसतात. त्या वेळेचा उजेड त्या दारातून तिरपा येतो, जमिनीवरच्या हळदीच्या धुरळ्यावर पडतो आणि वीस-पंचवीस मिनिटांत विझतो. फ्लॅश लावला तर त्यातले काहीच राहत नाही. तेथे छिद्र एफ २ वर उघडावे लागते. जुनी लेन्स नेमकी तेथेच कमी पडत होती: दाराचा उजेड चौकटीत आला की साऱ्या चित्रावर पांढरट धुके पसरे आणि आईंच्या चेहऱ्याचे काळे-करडे बारकावे त्यात बुडत. दुकान आहे, आई आहेत, उजेड आहे आणि लेन्स नाही, अशी त्यांची मांडणी होती. ती वरवर बिनतोड होती.

आईंच्या कानावर लेन्सचे कधीतरी गेलेच. “जुन्यातनं दिसंना झालंय का रे?” एवढेच त्यांनी विचारले. दिसते, पण हवे तसे नाही, असे काहीसे उत्तर त्यांना मिळाले. त्यांनी मान हलविली आणि सूप पुढे ओढले.

चिरंजीव पुण्यात नोकरीला. त्यांनी एक वेगळीच अडचण उभी केली. जपानच्या कोसिना कंपनीने फोक्टलेंडर या जुन्या नावाने २०२१ साली याच खाचेची, याच नाभ्यंतराची, एफ २ चीच एपीओ-लँथर नावाची लेन्स काढली आहे. तिच्यात दहा भिंगे आहेत, वजन जवळपास तेवढेच, आणि रेखीवपणात ती मोठ्या नावाच्या लेन्सशी बरोबरी करते असे ती वापरणारे जाणकार सांगतात. किंमत मात्र लायकाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. चिरंजीवांना वाटले, वडिलांचा प्रश्न सुटला. उलट तो अवघड झाला. गुण हवा असेल तर तो पाचव्या हिश्श्यात मिळतो हे एकदा समोर आल्यावर उरलेले चार हिस्से कशासाठी द्यायचे, याचे उत्तर स्वतःला द्यावे लागते. धातूच्या कड्याची फिरण, नाव, पुढे विकताना येणारी किंमत, अण्णांच्या कॅमेऱ्यावर त्याच कारखान्याची लेन्स असण्याचे समाधान, यातले कोणतेही उत्तर खोटे नव्हते. पण यातले एकही आईंच्या चेहऱ्याशी संबंधित नव्हते. व्यापारी माणूस दुसऱ्याच्या मालाची किंमत करताना पोते, शिक्का आणि हळद वेगवेगळी धरतो. स्वतःच्या हौसेची किंमत करताना तो ती एकत्रच तोलतो.

जूनमध्ये पुण्यातील एका स्नेह्यांनी आपली एपीओ-समिक्रॉन तीन दिवसांसाठी हवाली केली. लक्ष्मी रस्त्यावर कापडाचे दुकान असलेल्या त्या गृहस्थांनी ‘परत दिली नाही तरी चालेल, पैसे द्या’ असेही हसत सुचविले. तीन संध्याकाळी दोन्ही लेन्स आळीपाळीने लावून, तिवईवर आणि हातात धरून, एक मीटरवरून आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकावरून शंभरावर छायाचित्रे घेण्यात आली. मग ती संगणकावर मोठी करून आणि बारा बाय अठरा इंचांचे ठसे काढून पाहिली. एवढ्या ठशाला इंचामागे तीनशे ठिपके धरले तरी एकोणीस-वीस दशलक्ष ठिपके पुरतात आणि एम-१० चोवीस देतो. म्हणजे ठशाची बाजू भक्कम होती.

फरक होता. काही लोक मोठ्या समाधानाने सांगतात की अशा तपासण्यांत फरक दिसतच नाही. तसे झाले नाही. स्टीलच्या तांब्याच्या काठावर जुन्या लेन्समध्ये जांभळी रेघ होती, नवीत नव्हती. सुपाच्या कोपऱ्यातले विणकाम नवीत मोजता येत होते. दारातल्या उजेडाचे धुके नवीत नव्हते. पण आणखीही एक गोष्ट त्याच तपासणीत बाहेर आली. एफ २ वर हातात धरून घेतलेल्या चित्रांपैकी निम्म्याच्या आसपास चित्रांत आईंचा डोळा फोकसमध्ये नव्हता. कधी कान रेखीव होता, कधी मागची भिंत. जुन्या लेन्समध्ये हे सौम्यपणे झाकले जात होते. नवी लेन्स कानाची प्रत्येक रेषा अशी ठणठणीत दाखवी की डोळा चुकला हे दुरूनही कळे.

याचे गणित साधे आहे. पन्नासची लेन्स, छिद्र एफ २, अंतर एक मीटर: नेहमीच्या हिशेबाने स्पष्ट दिसणारा पट्टा सारा पावणेपाच सेंटिमीटरच्या आतला. हा नेहमीचा हिशेबही लहान ठशांसाठी ठरलेला. पडद्यावर मोठे करून पाहणाऱ्याला तो पट्टा याहूनही अरुंद भासतो. बसलेले म्हातारे माणूस श्वास घेताना, पाखडताना तेवढे पुढेमागे होतेच. रेंजफाइंडरची अचूकता दोन खिडक्यांतील अंतर आणि खिडकीतून दृश्य किती मोठे दिसते यांच्या गुणाकारावर ठरते. एम-३ मध्ये तो गुणाकार सुमारे बासष्ट मिलिमीटर येतो, एम-१० मध्ये पन्नासच्या आसपास. अण्णांचा कॅमेरा अंतर मोजण्यात आजच्यापेक्षा सरस निघाला, याचा आनंद मानावा की खेद करावा हे त्यांना कळेना. शिवाय यंत्रणा धक्क्याने केसभर सरकली असेल तर तिच्यावर लावलेली कोणतीही लेन्स, कितीही लाखांची असो, चुकीच्याच जागी नेमकी जुळते. तिवईवर पट्टी ठेवून पाहिले तर ती थोडी सरकलेली होतीच.

पण तेवढ्याने निम्मी चित्रे चुकत नाहीत. उजव्या डोळ्याला त्या उजळ चौकोनातली दुहेरी रेघ एकेरी झाली की नाही हे ठरत नव्हते. हे त्यांना तिसऱ्या संध्याकाळी, स्नेह्यांची लेन्स लावलेली असतानाच, पुरते उमगले. डोळा चोळून, काच पुसून, डाव्या डोळ्याने पाहून झाले. डाव्याने रेघ जुळत होती.

तपासणीत मोतीबिंदू निघाला. वय साठीकडे झुकलेले, तेव्हा त्यात नवल नव्हते. नवल निघाले ते दुसरेच. मोतीबिंदूत डोळ्यातले नैसर्गिक भिंग धुकट होते तसेच पिवळटही पडते. निळा प्रकाश अडतो आणि जगावर हळूहळू एक पिवळी झाक चढते, इतकी सावकाश की माणसाला पत्ता लागत नाही. हे डॉक्टर सहज बोलून गेले, आणि हळदीच्या व्यापाऱ्याला ते सहज ऐकता आले नाही. घरी येऊन त्यांनी धाकट्यांना सरळ विचारले. बराच वेळ आढेवेढे घेऊन धाकट्यांनी सांगितले की, गेले दोन हंगाम दादांनी पसंत केलेला माल ते दादा जेवायला गेल्यावर पुन्हा एकदा दारात उजेडात नेऊन पाहत असत. नुकसान झाले नव्हते. दोनदा सौदा मोडावा लागला होता, तेव्हा कारण ओलाव्याचे सांगितले होते. घर फुटत नाही ते केवळ उचल खात्याच्या शिस्तीने, असे त्यानंतर त्यांनी कुणाला सांगितल्याचे ऐकिवात नाही.

आणि मग दवाखान्यात पुन्हा लेन्सचेच दरपत्रक समोर आले. डोळ्यात बसवायच्या कृत्रिम भिंगाचे. लंडनमध्ये हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ साली पहिले असे भिंग बसविले. महायुद्धातल्या वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले विमानाच्या छताच्या प्लास्टिकचे कण डोळा मुकाट्याने सोसतो, हे त्यांनी पाहिले होते आणि भिंगासाठी त्यांनी त्याच जातीचे प्लास्टिक निवडले. पुष्कळ वर्षे ही चीज महाग राहिली. मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून ती स्वस्तात बनवायला घेतली तेव्हा सामान्यांच्या आवाक्यात आली. आज दरपत्रकात साधे एककेंद्री भिंग सर्वांत खाली असते आणि दूरचे-जवळचे दोन्ही दाखविणारे बहुकेंद्री भिंग त्याच्या कितीतरी पट किमतीने वर. कॅमेऱ्याच्या लेन्सवर मौन धरलेले सारे घर येथे एकमुखाने बोलले: डोळ्याच्या बाबतीत पैसा बघायचा नाही, सर्वांत वरचे घ्या. डॉक्टरांनी धंदा विचारला, छंद विचारला. बहुकेंद्री भिंग आत आलेला प्रकाश दूर आणि जवळ असा वाटून देते. त्यामुळे चष्म्याची कटकट बरीच कमी होते, पण बारीक छटांतला उठाव थोडा उतरतो आणि रात्री दिव्यांभोवती कडी दिसू शकतात. पुष्कळांना ते चालते. रंगाच्या छटांवर पोट असणाऱ्या आणि खिडकीत दोन रेघा जुळवीत बसणाऱ्या माणसाला साधे भिंगच बरे, असे ठरले. दरपत्रकातले सर्वांत खालचे नव्हे, त्याच्या वरच्या ओळीतले. वाचायला चष्मा लागेल एवढीच तोशीस.

शस्त्रक्रिया सप्टेंबरात झाली. पट्टी निघाल्यावर भिंतीचा चुना निळसर दिसला, दिवाणजींचे धोतर कधी नव्हे इतके पांढरे दिसले. गुदामात जाऊन त्यांनी राजापुरीचे एक हळकुंड मोडले आणि एकदा उजव्या, एकदा डाव्या डोळ्याने पाहिले. कितीतरी वेळ ते तसेच उभे होते असे हमाल सांगतात.

दरम्यान अण्णांची लेन्स मुंबईला एका कारागिराकडे गेली होती. पुरानंतर कपाटातल्या ओलीने तिच्या आतल्या भिंगांवर धुकटपणा धरला होता, एका काठाला बुरशीचे बारीक जाळेही होते. वेळीच काढली नाही तर बुरशी काचेवरचा लेप खाते; या लेन्सचे लेप तर मुळात मऊ. पावसाळी मुलखात लेन्स बंद कातडी पेटीत ठेवणे म्हणजे बुरशीला घर देणे होय. कोरड्या कपाटात, आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान राखून ठेवावी, तेही नसेल तर हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून, आणि महत्त्वाचे म्हणजे अधूनमधून बाहेर काढून वापरावी. कारागिराने लेन्स उघडून स्वच्छ केली. समोरच्या काचेवरचे जुने ओरखडे राहिले. कॅमेऱ्याचा रेंजफाइंडरही नीट बसवून घेण्यात आला.

दारातल्या उजेडाचे धुके बहुतेक गेले. जूनमध्ये जो फरक दोन लेन्समधला वाटला होता त्यातला मोठा वाटा दोन भिंगांवरच्या मळाचा होता, हे आता उघड झाले. जांभळी किनार मात्र राहिली, कोपरेही मऊच राहिले. तेवढा फरक खरा आहे, आणि तो एपीओ लेन्सच दूर करील.

एक अडचण उरली होती. लायकाच्या खिडकीतले दृश्य डोळ्याला सुमारे दोन मीटरवर असल्यासारखे भासते. नव्या भिंगाचा डोळा दूरवर नेमलेला आणि त्याला जवळ-दूर करता येत नाही, म्हणून चौकोनातल्या रेघा अजूनही किंचित मऊ दिसत. यासाठी खिडकीवर फिरवून बसवायची नखाएवढी काच मिळते, अर्ध्या-एक नंबराच्या टप्प्यांनी. त्यांना अधिक अर्धा नंबर लागला. डिसेंबरात ती काच आली. उचल खात्यावर तिची रक्कम पडली, तारीख पडली, आणि तपशिलात त्यांनी स्वतःच्या हाताने ‘लेन्स’ असे लिहिले. दिवाणजींनी आकडा पुन्हा पुन्हा पाहिला, शून्ये राहून गेली की काय म्हणून.

मोठ्या लेन्सला नकार दिला असे मात्र नाही. पुण्याच्या स्नेह्यांना त्यांनी कळविले आहे की, कधी विकायची झाली तर आधी सांगा. जपानी लेन्सचे दरही चिरंजीवांकडून मागवून ठेवले आहेत. या पावसाळ्यात एफ २ वर घेतलेल्या चित्रांत डोळा दहांपैकी नऊ वेळा जुळला, आणि त्यानंतरही चित्र फसले ते कोपऱ्यांमुळेच असे दिसले, तर दोहोंतली एक घ्यायची, असा ठराव आहे. तो त्यांनी धाकट्यांना सांगितला. धाकट्यांनी पुन्हा ‘घ्या की’ म्हटले.

जानेवारीत, संक्रांतीच्या पुढच्या आठवड्यात, दारातल्या त्या उजेडात आईंचे एक छायाचित्र निघाले. सूप हवेत, हळकुंडे सुपाच्या काठाशी सरलेली, आईंची नजर त्यांवर आणि मागे दुकानाची भिंत. बारा बाय अठराचा ठसा घरी आला तेव्हा आईंनी तो खिडकीशी नेऊन चष्म्यातून निरखला. स्वतःच्या चेहऱ्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. मागच्या भिंतीवर पुरुषभर उंचीवर गेलेल्या तांबूस रेघेवर त्यांनी बोट ठेवले.

“पुराचा डाग अजून तसाच ठेवलाय की रे,” त्या म्हणाल्या. “पाडायची असली म्हणून काय झालं, एक हात चुना तरी मारायचा.”